विचार पाहणारा हाही एक विचारच ना?

उंबरठा
‘तुम्ही विचार नाही, विचारांना पाहणारे आहात.’ साक्षीभावाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. ऐकायला सोपं आहे. बसून करून पाहिलं की गाडी कुठे अडते ते सांगतो. एक विचार आला. ‘अरे, विचार आला’ हे कळलं. पण हे कळणंही डोक्यात शब्दांतच उमटलं, म्हणजे तोही विचारच झाला. त्याच्याकडे वळून बघावं तर ‘आता मी पाहणाऱ्याकडे पाहतोय’ हा तिसरा हजर. आरशासमोर आरसा.

तर प्रश्न तीन. पाहणारा विचारापेक्षा वेगळा आहे हे कशावरून? मन, चेतना, चैतन्य, जाणीव हे शब्द एकाच वस्तूचे की वेगवेगळ्या? आणि बसल्यावर नेमकं करायचं काय?

‘अनुभवानेच कळेल’ आणि ‘शब्दांच्या पलीकडचं आहे’ ही दोन उत्तरं कृपया नकोत. शब्दांच्या अलीकडचं आहे तेवढं तरी नीट लावून घेऊ.

तिसरी घंटा
काहीही विचार न करता पहिला प्रतिसाद दिला आहे. साक्षीला कुणीतरी उभे राहा.

निरांजन
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण निम्मा गोंधळ शब्दांचाच आहे.

मराठीत आपण चेतना, चैतन्य, जाणीव, शुद्ध हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. शास्त्रात ते चालत नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात क्षेत्राची, म्हणजे जे जाणलं जातं त्याची, यादी आहे: इच्छा, द्वेष, सुख, दुःख, संघात, चेतना, धृती. म्हणजे चेतना क्षेत्रात मोडते, क्षेत्रज्ञात (जाणणाऱ्यात) नाही. ती जाणली जाणारी आहे. शंकराचार्य तिथल्या भाष्यात तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचा दाखला देतात. गोळा चटका देतो, पण चटका अग्नीचा, लोखंडाचा नव्हे. तशी चैतन्याच्या आभासाने उजळलेली अंतःकरणाची वृत्ती (आत उठणारी लाट) म्हणजे चेतना. माणूस बेशुद्ध पडतो तेव्हा मावळते ती ही चेतना. चैतन्याला मावळणंच नाही, असा वेदान्ताचा दावा.

आणि मन? सांख्य आणि वेदान्त दोघांच्याही मते मन जड, म्हणजे स्वतः न जाणणारं, आहे. दगडही जड, मनही जड. एक स्थूल, दुसरं सूक्ष्म, इतकाच फरक. देकार्तने १६३७ मध्ये ‘मी विचार करतो म्हणून मी आहे’ म्हटलं तेव्हा विचाराला त्याने ‘मी’च्या बाजूला बसवलं. आपल्याकडे रेघ मनाच्याही पलीकडे ओढली आहे. शरीर, इंद्रियं, मन, बुद्धी, अहंकार हे सगळे अलीकडे, पलीकडे फक्त जाणणारा. उंबरठा, तुमचा पहिला प्रश्न म्हणजे ही रेघ तिथे का ओढायची, एवढाच आहे.

शेवाळ
एक भर. पाली भाषेत ‘चेतना’ म्हणजे करण्याचा इरादा. चेतनेलाच बुद्धांनी कर्म म्हटलं आहे. तेव्हा अभिधम्मातली (बौद्ध तत्त्वचर्चेतली) चेतना आणि गीतेतली चेतना एकात एक कालवू नये. कुठल्या परंपरेचं पुस्तक हातात आहे ते आधी बघायचं, मग वाद घालायचा.

चकवा
म्हणजे शब्दकोश जुळेपर्यंत ध्यानाला बसायचं नाही. बरं झालं, सुट्टी मिळाली.

गंभीरपणे: ‘मन जड आहे’ हे गृहीत धरलं की पाहणारा वेगळा हे आपोआपच येतं. पण सिद्ध तर तेच करायचं होतं. रेघ ओढून दाखवली, पण ती तिथेच का, याचं उत्तर कुठे आहे?

अर्धविराम
चकवा यांचा आक्षेप रास्त आहे. पण पहिला प्रश्न जुन्यांनीच व्यवस्थित भांडून ठेवलाय.

न्यायदर्शनात मन अणूएवढं. एका वेळी दोन ज्ञानं उपजत नाहीत, हीच मनाची खूण (न्यायसूत्र १.१.१६). त्यामुळे ‘हा घडा’ हे पहिलं ज्ञान, आणि ‘मला घड्याचं ज्ञान झालं’ हे त्यानंतरचं दुसरं. या दुसऱ्याला अनुव्यवसाय म्हणतात. उंबरठा यांचं ‘अरे, विचार आला’ हे तंतोतंत अनुव्यवसाय आहे. तो पहिल्या विचाराला पाहत नाही. पहिला संपल्यावर येऊन त्याचा पंचनामा करतो. त्याला साक्षी समजणं ही पहिली चूक, आणि जवळजवळ सगळे ती करतात.

आता पतंजली. योगसूत्र ४.२१ म्हणतं, एका चित्ताला दुसरं चित्त पाहतं असं मानलं तर दुसऱ्याला तिसरं, तिसऱ्याला चौथं लागेल. अतिप्रसंग, म्हणजे न संपणारी साखळी, होईल आणि स्मृतींचीही सरमिसळ होईल. म्हणजे आरशासमोरचा आरसा त्यांनाही माहीत होता. त्यावरचं उत्तर आधीच ४.१८ मध्ये आहे: चित्ताच्या वृत्ती सदा ज्ञात असतात, कारण त्यांचा स्वामी जो पुरुष तो बदलत नाही. ‘सदा’वर बोट ठेवा. खुर्ची अंधारात, कुणाला न कळता पडून राहू शकते. विचाराचं तसं नसतं. तो कळलेला असाच येतो. न कळलेली दातदुखी कुणी पाहिली आहे?

चकवा
खेळाच्या भरात गुडघा फुटतो, तासाभराने रक्त दिसतं आणि मग ठणकायला लागतं. ही न कळलेली गुडघेदुखी.

अर्धविराम
जखम होती. दुखणं नव्हतं.

चकवा
सोयीचं उत्तर. मग हे घ्या. वाचता वाचता मन भरकटतं, दोन पानं उलटली जातात आणि मग लक्षात येतं. तोवर विचार तर चालूच होते! २०१० मध्ये किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २,२५० प्रौढांना दिवसभरात अवचित फोनवरून विचारलं, ‘आत्ता मन हातातल्या कामात आहे का?’ ४६.९ टक्के वेळा मन दुसरीकडेच होतं. ‘सदा ज्ञात’ असं म्हणता, मग इतका वेळ कुणाला ज्ञात होतं?

अर्धविराम
भरकटलेल्याला विचारा, कुठे होतास? तो सांगतो: अमुकशी भांडत होतो, तमुक बेत करत होतो. विचारातला मजकूर त्याला कळत होता. फक्त ‘मी भरकटलोय’ हे कळत नव्हतं, म्हणजे अनुव्यवसाय नव्हता. तुमचा पुरावा उलट माझ्याच बाजूने पडतो: पंचनामा नसतानाही प्रकाश होता.

तिसरी घंटा
दोन्ही बाजू तुल्यबळ. धाग्याचं मन क्षिप्त (उधळलेलं), वाचकांचं मूढ.

पाणकणीस
तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी फिरकलंच नाही, म्हणून मी येते.

दासबोधात सतराव्या दशकाच्या आठव्या समासात अंतःकरणपंचक आहे. एका विचाराचे टप्पे तिथे इतके नेमके लावलेत की बसणाऱ्याने तोच नकाशा घ्यावा. उदाहरण घेऊ. जिना उतरून खाली आल्यावर कुलूप आठवलं.

आधी शब्द नसतोच. आत नुसतं काहीतरी हलतं, पाऊल किंचित अडखळतं. हे स्फुरण, समर्थांच्या भाषेत अंतःकरण. मग ‘लावलं की नाही लावलं’ असं हिंदकळणं, ते मन. ‘नाहीच लावलं’ हा निश्चय, ती बुद्धी. निश्चय चुकीचा असला तरी काम बुद्धीचंच. मग चित्त तोच धागा धरून कातत बसतं: दार उघडं, कपाट उघडं, शेजारचे काय म्हणतील. शेवटी ‘मलाच मेलं परत जायला हवं, मी आहेच वेंधळी’, हा अहंकार. इथे पाय वळतात. सगळा कारभार दोन-तीन सेकंदांचा.

बसल्यावर बहुतेकांना विचार दिसतो तो चौथ्या-पाचव्या टप्प्याला, गोष्ट रंगात आल्यावर. अभ्यास म्हणजे हे पकडणं एकेक टप्पा मागे आणणं. ‘विचार थांबवा’ असं यात कुठेच नाही.

कृती १५ मिनिटांची. पहिली ५ मिनिटं श्वास मोजायचे, फक्त सोडताना: एक ते दहा, परत एक. मोजणी सतरा-अठरावर गेली तर रागावायचं नाही, एकपासून सुरू करायची. पुढची १० मिनिटं मोजणी सोडून द्यायची. भरकटल्याचं लक्षात आलं की आधी त्याला एका शब्दाचं नाव: ‘आठवण’, ‘बेत’, ‘भांडण’. एकच शब्द, वाक्य नाही. वाक्य केलं की उंबरठा यांचा आरसा सुरू. मग जबडा, कपाळ, पोट यांपैकी कुठे आवळलंय ते बघून सैल करायचं. मग परत श्वास. नाव ठेवण्यात एका श्वासाहून जास्त वेळ घालवायचा नाही. नावांची यादी वाढायला लागली तर समजा की बुद्धीला नवं खेळणं सापडलं. पाच-सहा नावं भरपूर झाली.

बसणं स्थिरावलं की नावही गळू द्यायचं. काट्याने काटा काढला की दोन्ही टाकतात, तसं.

खडीसाखर
पाणकणीसताई, यात जीभ जोडा. मनातल्या मनात बोलताना जीभ आणि कंठ सूक्ष्म हलत असतात. स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून हे मोजलेलंही आहे. जीभ खालच्या दातांमागे सैल टेकवायची, दातावर दात ठेवायचे नाहीत. शब्दांची बडबड बरीच उतरते. चित्रं मात्र तशीच येत राहतात, त्याला हा उपाय नाही.

नामस्मरण करणाऱ्यांची तक्रार असते की मानस जप चालू असतो आणि खालून विचारही चालू असतात, दोन रेडिओ एकदम. तेव्हा हट्टाने मानस जपाला चिकटू नये. एक पायरी उतरून उपांशु करावा: ओठ हलतील, आवाज शेजारच्याला जाणार नाही. तरीही जमेना तर वाचिक. मन बसलं की परत वर चढायचं. खाली उतरण्यात कमीपणा मानणारेच जास्त अडकतात.

बोरू
‘विचार म्हणजे मनातलं बोलणं’ असं धाग्यात गृहीत धरलं जातंय. तसं नाही. रसेल हर्लबर्ट या मानसशास्त्रज्ञाने लोकांना बीपर दिले. तो वाजला की त्या क्षणाला आत नेमकं काय होतं ते टिपायचं. कुणाकडे आतलं बोलणं, कुणाकडे चित्रं, कुणाकडे नुसती भावना. आणि एक प्रकार असा निघाला की विचार स्पष्ट आहे, पण शब्दही नाहीत आणि चित्रही नाही.

काहींना मनात चित्र उमटतच नाही. त्याला २०१५ मध्ये अफँटेझिया हे नाव मिळालं. अशा माणसाला ‘विचार ढगांसारखे सरकताना पाहा’ असं सांगितलं की तो तासभर ढग शोधत बसतो आणि आपल्याला ध्यान जमत नाही असं ठरवून उठतो. शिकवणाऱ्याने आधी समोरच्याचा विचार कुठल्या रूपात येतो ते विचारावं.

शेवाळ
बोरू, +१.

आता पहिल्या प्रश्नावर माझं मत. पाहणारा हवाच कशाला? मज्झिम निकाय या बौद्ध ग्रंथातल्या ३८व्या सुत्तात साति नावाचा भिक्खू म्हणतो की हेच विज्ञान (म्हणजे जाणणं) जन्मोजन्मी फिरतं. बुद्ध त्याला सगळ्यांसमोर खोडून काढतात: प्रत्ययाशिवाय, म्हणजे कारणाशिवाय, विज्ञान उपजतच नाही. लाकडाने पेटला तर लाकडाचा अग्नी, गवताने पेटला तर गवताचा. तसं डोळा आणि रूप यांच्यामुळे चक्षुविज्ञान, मन आणि धम्म (मनाचे विषय) यांच्यामुळे मनोविज्ञान. गंमत बघा, वर निरांजन यांनी आणलेला दाखलाही अग्नीचाच आहे आणि निष्कर्ष बरोब्बर उलटा. तिथे अग्नी लोखंडाहून वेगळा काढून दाखवला, इथे इंधनावाचून अग्नी नाही.

चित्तानुपश्यनेतही, म्हणजे चित्त पाहण्याच्या बौद्ध अभ्यासातही, पाहणाऱ्याचा शोध नाही. सराग (आसक्तीचं) चित्त असेल तर ‘सराग चित्त आहे’ एवढं जाणायचं, विखुरलेलं असेल तर ‘विखुरलेलं आहे’. ‘माझं’ चित्त असं म्हणायचं नाही. आरशाचा खेळ बंद पडतो, कारण दुसरा आरसाच मांडलेला नाही.

निरांजन
शेवाळ, मांडणी चोख आहे. वेदान्ताचं म्हणणं एवढंच की उपजणं आणि मावळणं ज्याला कळतं ते त्यांच्याबरोबर मावळत नसणार. पंचदशीतल्या दहाव्या प्रकरणात, नाटकदीपात, नृत्यशाळेतला दिवा आहे. यजमान म्हणजे अहंकार, प्रेक्षक म्हणजे विषय, नर्तकी म्हणजे बुद्धी, ताल धरणारी इंद्रियं. दिवा सगळ्यांना सारखंच उजळतो आणि सगळे उठून गेले तरी जळत राहतो. उंबरठांची अडचण या भाषेत सांगायची तर ते दिव्याला शोधायला नर्तकीला पाठवताहेत. ती जाईल तिथे नाचच होणार.

तिसरी घंटा
नाटकाचा विषय म्हणून बोलतो. प्रेक्षागृहातला दिवा चालू आहे म्हणजे प्रयोग अजून सुरू व्हायचाय.

चकवा
‘सगळे उठून गेले तरी जळत राहतो’ हे कुणी पाहिलं? गाढ झोपेत काहीच नसतं.

निरांजन
उठल्यावर माणूस म्हणतो, ‘छान झोप लागली, काही कळलं नाही.’ ‘काही कळलं नाही’ ही आठवण आहे, आणि अनुभवाशिवाय आठवण नाही. पतंजली तर झोपेला सरळ वृत्तीतच मोजतात (१.१०).

चकवा
आठवण कसली, अनुमान आहे. घड्याळ पुढे गेलंय, अंग हलकं आहे, म्हणजे झोपलो असणार. नैयायिकांनीही हेच सांगितलंय ना, अर्धविराम? आणि शस्त्रक्रियेच्या भुलीतून उठलेला माणूस बहुधा ‘छान झोप लागली’ असंही म्हणत नाही, मधला वेळ कापून टाकल्यासारखं सांगतो. तिथे दिवा कुठे गेला?

अर्धविराम
हो, न्यायाचं उत्तर अनुमानाचंच आहे. भुलीचा मुद्दा मला जड जातो. वेदान्ती म्हणतील की वृत्तीच नव्हती म्हणून संस्कार (तिचा ठसा) उरला नाही, म्हणून आठवण नाही. याला खोडता येत नाही, आणि सिद्धही करता येत नाही. इथे मी थांबतो.

उंबरठा
नर्तकीचा दाखला डोक्यात बसला. पण मग अडचण दुसरी येते. पाहण्याचा प्रयत्न हीच वृत्ती म्हणून तो सैल सोडावा, तर पाच मिनिटांत डुलकी. परत ताणला की आरसा. मधलं काय?

पाणकणीस
गौडपादांच्या मांडूक्यकारिकेत तिसऱ्या प्रकरणाच्या ४४व्या आणि ४५व्या कारिकेत याची अख्खी यादी आहे. लय, म्हणजे डुलकी, आली तर चित्ताला जागं करायचं. विक्षेप, म्हणजे उधळणं, आला तर शांत करायचं. कषाय, म्हणजे ना झोप ना विचार, पण आत दबलेल्या वासनेमुळे चित्त थिजून बसलेलं, ते नुसतं ओळखायचं. चित्त सम झालं तर ढवळायचं नाही. आणि तिथलं सुख चाखत बसायचं नाही, तो रसास्वाद.

व्यवहारात: डुलकीची पहिली खूण म्हणजे हनुवटी उतरते आणि विचारांची वाक्यं अर्ध्यात तुटून भलतीच जोडली जातात. लगेच डोळे उघडून समोर बघायचं, पाठ सरळ करायची, तीन श्वास जरा खोल. तरी डुलकी येत असेल तर उभं राहून करायचं. विक्षेपाला उलटं: श्वास सोडणं लांबवायचं आणि मोजणीवर परतायचं. लोक नेमकं उलट करतात. झोप येत असताना अंग आणखी सैल सोडतात आणि मन उधळलेलं असताना आणखी ताणून धरतात.

कषाय मात्र फसवा आहे. त्यात शांत वाटतं, म्हणून लोक त्यालाच समाधी समजतात. ओळख अशी की उठल्यावर माणूस ताजा नसतो. चिडचिडा आणि बोथट होतो.

मधली सुट्टी
एक सावधगिरी इथेच नोंदवते. साक्षीभावात विचार आणि भावना स्पष्ट असतात, फक्त त्यांची ओढ कमी होते. याउलट सगळं काचेपलीकडे आहे, स्वतःचा आवाज परका वाटतो, जवळच्या माणसांबद्दल काही वाटेनासं झालंय, असं दिवसभर राहत असेल तर तो साक्षीभाव नव्हे. जोरजबरदस्तीने ‘मी हे नाही, मी ते नाही’ करत राहिल्याने किंवा आधीच्या धक्क्यामुळे, चिंतेमुळे असं होऊ शकतं. तेव्हा बसणं बंद करायचं, जमिनीवर पाय, हाताने करायची कामं, पुरेशी झोप. आणि मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचं. ‘प्रगती होतेय’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

खडीसाखर
हे फार गरजेचं होतं. नेति नेति शब्दांत घोळवत बसायचं नाही.

निरांजन
रमण महर्षींच्या (१८७९–१९५०) आत्मविचाराच्या पद्धतीतही हीच गल्लत होते. विचार आला की ‘हा कोणाला?’ उत्तर ‘मला’. मग ‘मी कोण?’ याला लोक मंत्र करून घोकतात किंवा ‘मी ब्रह्म’ असं उत्तर ठोकून देतात. दोन्ही चुकलं. प्रश्नाचं काम फक्त लक्ष विचाराच्या मजकुरावरून ‘मी’ या वृत्तीकडे वळवणं. वळलं की प्रश्न सोडायचा. चितेतली लाकडं सारणाऱ्या काठीचा दाखला ते देतात. ती काठीही शेवटी जळते. निसर्गदत्त महाराज तर मराठीतच बोलत आणि आणखी एक पायरी मागे नेत: ‘मी आहे’ ही जाणीवसुद्धा आलेली आहे, ती ज्याला कळली तो जाणिवेच्या आधीचा. म्हणजे जाणीवही दृश्यातच. दुसऱ्या प्रश्नाच्या यादीत हेही लिहून ठेवा.

शेवाळ
‘आधीचा’ म्हटलं की परत कुणीतरी उभा केला.

निरांजन
माहीत होतं तुम्ही याल.

उंबरठा
आता फक्त एक खात्री करून घेतो. नाव ठेवताना ‘मी पाहतोय’ असं आत उमटलं, तर त्यालाही एकच शब्द, ‘विचार’, आणि परत श्वास. बरोबर?

पाणकणीस
बरोबर. ते कुणाला उमटलं हे बघायला मागे वळायचं नाही. जबडा सैल केलात का?

उंबरठा
आत्ता केला.

चकवा
भुलीचा मुद्दा अनुत्तरित आहे, याची नोंद असावी.

अर्धविराम
नोंद घेतली. ४.१८ वर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.